आप्पांच्या भट्टीतलं माझं बोळकं

कच्चं मडकं पुरतं वाळलंय की नाही हे बघायला आप्पा ते गालाला लावायचे. आधी उजव्या गालाला, मग डाव्या, आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचे. पोराला ताप आहे का बघताना आई करते तसं. गार लागलं तर आत अजून ओल आहे, ते पुन्हा फळीवर. गार नाही लागलं तर ते भट्टीत जायच्या रांगेत. दिवसभर हेच चालायचं, त्यामुळे त्यांचे दोन्ही गाल कायम मातीने माखलेले असायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फस्सकन हसले होते. आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय झाला? फुटला काय?” हसण्यासारखं काही घडू शकतं हे त्यांच्या डोक्यातच नसायचं. आवाज झाला म्हणजे काहीतरी फुटलं, एवढंच त्यांना ठाऊक.

आप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. मी त्यांची नातेवाईक नाही, गावची नाही, कुंभारकामातलं तर मला ओ की ठो कळत नाही. मी ऐरोलीच्या सोसायटीत राहणारी, बॅक-ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, ‘रविवारी मातीकाम, घरचं जेवण, स्वतः केलेली वस्तू घरी न्या’. म्हटलं, चला. जासईच्या पुढे, कंटेनर यार्डांच्या गर्दीत एक गाव कसंबसं जीव धरून उभं आहे, तिथे आप्पांचं घर. पुढे दुकान, मागे कामाची पडवी, त्यामागे भट्टी. शहरातल्या लोकांना रविवारी बोलवून चाकावर बसवायची कल्पना त्यांच्या सुनेची, संगीताची. आप्पांना ती अजिबात पसंत नव्हती. पण सुनेला नाही म्हणायचं त्यांना जमायचं नाही, आणि आलेल्या माणसाला परत पाठवणं तर त्याहून नाही.

आप्पांसारखा काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. घराच्या भिंतीला लागून रस्ता, रस्त्यावर चोवीस तास ट्रेलर. जड ट्रेलर गेला की जमीन हलायची. लांबून त्याची घरघर ऐकू आली की आप्पा हातातलं काम टाकून मडक्यांच्या फळीपाशी जायचे आणि दोन्ही हात पसरून तिला धरून उभे राहायचे. ट्रेलर गेला की पुन्हा चाकावर. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी एकदा म्हटलं, “आप्पा, फळी भिंतीला ठोकून का घेत नाही?” तर म्हणाले, “भित पन हलते ना.”

दुकानातली तऱ्हा वेगळी. माणूस वस्तू उचलून पुढे आला की आप्पा विचारायचे, “काय ठेवनार यात?” गिऱ्हाईक गोंधळायचं. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मोठा माठ पसंत केला आणि हौसेने सांगितलं की त्या वरून ऑइलपेंट लावून तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवणार आहेत. आप्पांचा चेहरा पडला. “रंग लावलास का याचा अंग बंद व्हतो. मग पानी गार नाय व्हनार.” बाई म्हणाल्या, पाणी भरणारच नाहीये मी. आप्पांनी माठ त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि त्यांना दोन कुंड्या दाखवल्या. संगीताने कपाळाला हात लावला. माठ परत फळीवर गेला आणि बाईंनी कुंड्या घेतल्या, त्याही खुशीत.

त्यांच्या कामाचं कौतुक करायची सोय नव्हती. चाकावरून एखादी सुरेख मान वर यायची, आम्ही दहाजण एकदम “वा” म्हणायचो, आणि आप्पा दचकायचे. “थांब, थांब. आजून वालायचा हाय, भट्टीत जायचा हाय.” भट्टीतून निघेपर्यंत मडक्याला मडकं म्हणायलाही त्यांची ना असायची. तोवर ती नुसती माती. चाक फिरवून आलेल्या सगळ्यांना वाटायचं आपण काहीतरी केलं, आणि आप्पा मात्र परीक्षा दिलेल्या मुलाच्या बापासारखे निकालाची वाट बघत बसलेले.

त्या पहिल्या रविवारी मी एक बोळकं केलं. म्हणजे ते बोळकं आहे हे मलाच सांगावं लागायचं. एका बाजूला कललेलं, तोंड वाकडं. बाकीच्या लोकांनी आपापल्या वस्तू केल्या, फोटो काढले आणि त्या विसरून गेले. मला ते जमेना. मी पुढच्या रविवारी एकटीच गेले, ते वाळतंय का बघायला. त्याच्या पुढच्या रविवारीही. आप्पा मला ‘एरोलीवाली’ म्हणू लागले. “आली काय एरोलीवाली? तुजा पोर बरा हाय.” मी चहा प्यायचे, दुकानात दोन गिऱ्हाइकं सांभाळायचे, आणि नको तिथे नाक खुपसायचे. माझा स्वभावच तसा आहे. वस्तू समोर असली की ती आणखी नीट केल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही.

एका रविवारी संगीताने दुकानात बसल्या बसल्या हळू आवाजात मला घरातली गोष्ट सांगितली. दिवाळीच्या पणत्यांची भट्टी निम्मी फुटली होती. अवेळी सर येऊन गेली होती, हवेत दमटपणा होता, असं आप्पांचं म्हणणं. पण तिचा नवरा विलास, आप्पांचा एकुलता एक मुलगा, त्याचं म्हणणं वेगळं होतं. तो यार्डात नोकरीला. लहानपणापासून भट्टीशेजारीच वाढलेला, त्यामुळे कळत त्याला सगळं होतं. तो म्हणायचा, आप्पांच्या गालाला आता ओल कळत नाही, वय झालं. भट्टीची जागा ट्रेलर उभे करायला हवी म्हणून एक यार्डवाला वर्षभर मागे लागला होता. “ताई, संक्रांतीची भट्टी बघणार म्हणतात आमचे हे,” संगीता म्हणाली. “एक जरी मडकं ओलीने फुटलं ना, तर बंद. आप्पांनी पण ऐकलंय. तेव्हापासून जेवण जात नाही त्यांना.”

संक्रांतीची भट्टी म्हणजे सुगडं. नेरूळपासून ऐरोलीपर्यंत किती घरांत ती लहान काळी-लाल सुगडं ऊस-बोरं भरून पुजली जातात, आणि ती कुठून येतात हे कोणी विचारत नाही. आप्पांनी दोन महिने तीच घडवली होती, मधे दोन-चार माठ तेवढे. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. संक्रांतीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी भट्टी भरायची ठरली आणि संगीताने आम्हा हौशी मंडळींना ती बघायला बोलावलं. आमच्या वस्तूही त्याच भट्टीत, सुगडांच्या मधल्या फटींत जाणार होत्या.

मी सकाळीच पोचले. आप्पा पहाटेपासून एकेक सुगड गालाला लावत होते. माझं बोळकंही त्यांनी दोन्ही गालांना लावलं, मान हलवली आणि रांगेत ठेवलं. मी ते उचलून बघितलं तर तळाला केसासारखी एक चीर. आता, शहाण्या बाईने ते होतं तिथे ठेवून दिलं असतं. मी पडवीच्या मागे गेले. पाण्याच्या बादलीत बोटं बुडवली, कोपऱ्यातल्या ओल्या मातीचा गोळा घेतला आणि ती चीर आतून बुजवली. जरा उरली म्हणून आणखी थापली. मग पाणी लावून सगळं गुळगुळीत केलं. कुठे काही कळत नव्हतं. बाकीच्या भांड्यांना वरून कोरडी राख चोळलेली होती, तशीच मी यालाही चोळली आणि ते गुपचूप रांगेत नेऊन ठेवलं. मला वाटलं, चांगलं काम केलं. संगीताने ते उचललं आणि मधल्या भागात, दुसऱ्या थरात, एका माठाला टेकवून बसवलं.

भट्टी भरली, वर खापऱ्या रचल्या, त्यावर पेंढा आणि चिखलाचा लेप. आप्पांनी खालच्या तोंडात जाळ घातला, हात जोडले, आणि पहिल्यांदाच खाली बसले. संगीताच्या आग्रहावरून ते आम्हाला दोन शब्द सांगायला लागले. “आदी नुसता धूर द्यायचा. सांजपावत. मंग जाल. मातीत ओल राहिली ना, तर तिची वाफ व्हते. वाफेला जायला वाट नाय. मंग तो फुटतो. एकटा नाय फुटत, शेजाऱ्यालाबी घेऊन जातो.” कोणीतरी विचारलं, थोडीशीच ओल असली तर? आप्पा म्हणाले, “थोडी म्हंजे काय? वाफेला थोडी न् जास्ती कलत नाय.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचे उठून जेवायला गेले. भाकरी, सुकट, वांग्याचं भरीत, सगळ्यांनी ताटं पुढे ओढली. मी मनात हिशेब मांडत बसले की मी किती पाणी लावलं, बोटभर, दोन बोटं, ते एवढ्या वेळात सुकलं असेल का, राखेने ओढून घेतलं असेल का. मग वाटलं, सांगून तरी काय होणार, भट्टी तर पेटली. मग वाटलं, एवढ्या ढिगात एक बोळकं, काय बिघडणार आहे. ऑफिसात आमच्याकडे कोणी चूक लपवली की मी त्याला फाडून खाते. इथे मी ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसले होते. अर्धा तास गेला असेल. भट्टीतून पांढरा धूर येत होता आणि प्रत्येक मिनिटाला आत गरमी वाढत होती.

शेवटी उठले. आप्पा भट्टीच्या तोंडाशी एकटेच उकिडवे बसले होते.

“आप्पा, माझं बोळकं ओलं आहे.”

“नाय. मी बगितलाय सकाली.”

“तुम्ही बघितल्यावर मी त्याला पाणी लावलं. चीर होती, ती बुजवली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जाळाकडे पाहिलं. “किती?”

“पाणी फार नाही. पण तळाला माती थापलीय. बोटभर जाड.”

“कुटं हाय तो?”

“मध्ये. दुसऱ्या थरात, माठाजवळ.”

बस, एवढंच विचारलं. ‘का केलंस’ नाही, ‘तुला अक्कल आहे का’ नाही. मला वाटत होतं त्यांनी दोन शिव्या घालाव्यात, म्हणजे मला रडता येईल. ते उठले, लांब सळीने पेटती लाकडं एकेक करून बाहेर ओढली, आणि तोंडात फक्त भुसा आणि शेणीचे तुकडे ठेवले. नुसतं धुमसत राहील एवढंच. मी म्हटलं, वरून उघडून काढता नाही का येणार? ते म्हणाले, “आता उघडला तर गार हवा लागून सगलाच जाईल. आता सावकास. जेवडा सावकास तेवडा बरा.”

संध्याकाळी विलास कामावरून आला. अजून धूरच चाललाय बघून त्याने विचारलं, “आप्पा, जाल कवा घालनार? भुसा संपवशील सगला.” आप्पा म्हणाले, “लाकडा दमट हायत.” मी शेजारीच उभी होते. शेवटच्या बसची वेळ झाली होती, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. आप्पा मला नुसते म्हणाले, “जा तू.” मी गेले. गेले म्हणजे काय, जीव तिथेच टांगलेला. सोमवारी सकाळी ऑफिसात पोचायच्या आत संगीताला फोन केला. ती म्हणाली, आप्पा उठलेच नाहीत भट्टीपासून, आत्ता कुठे जाळ घातलाय. दुपारी केला, चार वाजता केला. शेवटी ती म्हणाली, “ताई, तुम्ही का एवढं टेन्शन घेताय? आप्पांचं घ्यायला मी आहे, तुमचं कोण घेणार?” तिला काही माहीत नव्हतं. आप्पांनी घरातही सांगितलं नव्हतं.

बुधवारी भट्टी उघडायची होती. मी पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकली. विलासही थांबला होता. वरच्या खापऱ्या काढल्या. पहिला थर निघाला तो असा निघाला की मला हुंदका आला. लालबुंद, एकसारखी, खणखणीत सुगडं. आप्पा एकेक उचलून सुनेच्या हातात देत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल होत होता. दुसरा थर. कडेचं सगळं धडधाकट. मग मधला भाग आला आणि आप्पांचा हात थांबला.

एक माठ उभा चिरला होता. त्याच्याभोवतीची सात-आठ सुगडं फुटली होती. आणि मधोमध नुसता चुरा. माझं बोळकं. पडून किंवा भेगाळून फुटलेलं मडकं वेगळं दिसतं, त्याचे तुकडे जोडता येतात. ओलीने फुटलेल्याचे पापुद्रे उडतात, पिठासारखा चुरा होतो. हे मलाही आता माहीत झालं होतं, तर विलासला माहीत असणारच. त्याने वाकून चिमूटभर चुरा उचलला, बोटांत चोळला. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“ओला व्हता,” तो म्हणाला. “कोनाचा हा? पाहुन्यांचा का?”

“मी बगितला व्हता,” आप्पा म्हणाले. “दोनी गालांना लावला. मना कलला नाय.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि आप्पांनी माझ्याकडे न बघता एक सुगड उचलून माझ्या हातात दिलं, “हा तिकरं ठेव,” म्हणाले. मी ते घेतलं आणि ठेवायला गेले. परत आले तेव्हा विलास म्हणत होता, “जाऊ दे आप्पा. लय केलास. आता आराम कर.” तेही प्रेमाने. मी काही बोलले नाही. सुगडं मोजायला, पुसायला, पेंढ्यात बांधायला मदत केली आणि दिवस मावळायच्या आत ऐरोलीला आले.

पुढचे दिवस मी स्वतःशी भांडण्यात घालवले. आप्पांनीच तर गप्प बसवलं मला, मग मी कोण बोलणारी. बापलेकांचा मामला आहे, आपण परके. आता हंगाम आहे, घाईत आहेत ते, संक्रांत होऊ दे. रविवार आला तर चुलतबहिणीकडे बारसं निघालं. संक्रांत आली. सोसायटीच्या बाहेर टोपलीत सुगडं विकायला आली, त्यातली आप्पांची कोणती हे मला लांबून ओळखता आलं, आणि मी त्या बाजूने जाणंच टाळलं. रोज वाटायचं, फोन करून विलासला सांगून टाकावं. मग वाटायचं, अशा गोष्टी फोनवर नाही सांगायच्या, समोर बसून सांगायच्या. हे कारण मला फार आवडलं. पुढच्या रविवारी मात्र गेलेच.

तिघंही घरात होते. मी चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली. चीर, बादली, माती, राख, सगळं. त्याच दिवशी दुपारी आप्पांना सांगितलं होतं हेही. आप्पांच्या गालाला बरोबर कळलं होतं, ते कोरडंच होतं, ओलं मी केलं. संगीता तोंडावर हात धरून उभी राहिली. विलास बापाकडे वळला.

“मंग तवा का नाय बोललास, आप्पा?”

आप्पा जरा वैतागलेच. एवढी साधी गोष्ट पोराला सांगावी लागते म्हणून. “तिनं येऊन सांगितला म्हनून मी धूर लांबवला. म्हनून बाकीचा सगला वाचला. सांगनाऱ्याचाच नाव मी पुडं केला, तर फुडच्या भट्टीला कोन येऊन सांगल मना?”

 विलास म्हणाला, “आप्पा, फुडची भट्टी कुटली? गुरवारी यार्डवाल्याच्या कागदावर सही केली ना आपन.”

आप्पा म्हणाले, “हो. केली.” विसरलेलं काहीतरी आठवल्यासारखं.

परत जाताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. ट्रेलर चालले होते, त्यांनी माझं कोपर धरून मला रस्ता ओलांडून दिला. रिक्षा आली तेव्हा म्हणाले, “मनाला लावून घेऊ नको पोरी. तू टायमावर सांगितलास. लय लोका नाय सांगत.”

मी मान हलवली आणि रिक्षात बसले. त्या गुरुवारी मी रजेवर होते. दिवसभर घरी होते, पडदे धुवत बसले होते.